एकाला विसर पडतोय, दुसरं गप्प होत चाललंय: वयस्कर जोडप्याशी संपर्क कसा ठेवावा, नोंदी कशा घ्याव्यात?

गृहभेट_समन्वय

नमस्कार मंडळी,

मुलं लांब राहतात आणि घरात नवरा-बायको दोघंच, अशा सत्तरीपुढच्या जोडप्यांना पंधरवड्याने भेटणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी चार पानांचं टिपण करायचं आहे. जीडीएस-१५ (नैराश्य तपासणारे १५ प्रश्न) आणि मिनी-कॉग (तीन शब्द आठवणं आणि घड्याळाचं चित्र काढणं, अशी स्मृतीची छोटी चाचणी) कसं घ्यायचं हे त्यांना शिकवलेलं आहे, ते इथे नको. अडचण जोडप्याची आहे. चाचण्या एका माणसासाठी बनवलेल्या असतात, भेट मात्र दोघांची होते. काकांना विचारलं, "भूक लागते का नीट?" की काकू म्हणतात, "हो, लागते की त्यांना." तासाभराने निघताना काकांबद्दल पानभर नोंदी असतात, त्याही काकूंच्या तोंडच्या, आणि खुद्द काकूंबद्दल एक ओळ नसते.

तर विचारायचं असं. दोघांचं वेगवेगळं चित्र कसं मिळवायचं? नैराश्यामुळे आलेला विसराळूपणा आणि डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात, यांत कार्यकर्त्याने निदान संशय घेण्यापुरता फरक कसा करायचा? आणि मुलं हमखास विचारतात: किती वेळा फोन करू, फोन पुरतो का? याला ठाम उत्तर आहे का?

---

स्मृतिचिकित्सा

दोघांना वेगळं बसवल्याशिवाय कुठलीही चाचणी घेऊ नका. शक्यतो दोन कार्यकर्ते पाठवा आणि दोन खोल्यांत एकाच वेळी बोला. दारातच सांगून टाकायचं, "आम्ही सगळ्याच घरी दोघांशी वेगवेगळं बोलतो." हे आधी सांगितलं की कोणाला संशय येत नाही. मध्येच "काकू, तुम्ही जरा आत जाता का?" म्हटलंत तर काकू आत जातात, पण कान बाहेर असतो.

वेगळं बसण्याआधी दहा मिनिटं मात्र एकत्रच गप्पा मारा, कारण तेव्हाच एक महत्त्वाची खूण दिसते. साधा प्रश्न विचारला की माणूस मान वळवून जोडीदाराकडे बघतो का? स्मृतीच्या दवाखान्यात ही खूण रोज दिसते. एकट्याने निदान ठरवण्याइतकी ती पक्की नाही; कमी ऐकू येणारा माणूसही असाच वळतो, आणि आयुष्यभर कमी बोललेला माणूसही. म्हणून तोच प्रश्न समोर बसून, सावकाश, थोड्या मोठ्या आवाजात पुन्हा विचारा. तरीही मान वळली तर नोंद करा.

क्रम: आधी मनःस्थितीची चाचणी, मग स्मृतीची. उलट केलंत तर घड्याळाचं चित्र चुकलेला माणूस खजील होऊन बसतो आणि पुढची उत्तरं त्याच छायेत येतात.

जीडीएस-१५ मध्ये ५ किंवा जास्त गुण आले की पुढे तपासणी, हे तुमच्या लोकांना ठाऊक असेल. जोडप्याच्या बाबतीत तीन प्रश्न दगा देतात. "इतरांपेक्षा तुमची स्मरणशक्ती जास्त कमी झाली आहे असं वाटतं का?" याचा गुण नैराश्याच्या खात्यात पडतो, पण तो खऱ्याखुऱ्या विसरण्यामुळेही मिळालेला असू शकतो. आणि "बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावंसं वाटतं का?", "बऱ्याच आवडीनिवडी सोडून दिल्या आहेत का?" हे दोन, सांभाळ करणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत. ज्या बाईला नवऱ्याला एकटं सोडून बाहेर पडता येत नाही, ती दोन्हींना "हो" म्हणणारच. तिला लगेच विचारा: आवड सोडली, की सुटली? उद्या कोणी तीन तास घरी बसलं तर जाल का? "कशाला, नकोच" आलं तर काळजीचं. "लगेच जाईन" आलं तर त्या घरात गोळीच्या आधी तीन तासांची सोय हवी. गुण बदलू नका, शेजारी उत्तर लिहा.

स्मृतिभ्रंश मध्यम टप्प्यावर गेला की जीडीएसवर विसंबू नका, कारण गेल्या आठवड्यात कसं वाटलं हेच माणसाला आठवत नाही. तिथे कॉर्नेल श्रेणी (डिमेन्शिया असलेल्यांतलं नैराश्य मोजणारी) वापरतात. १९ बाबी, प्रत्येकीला ० ते २ गुण. माहिती सांभाळणाऱ्याकडूनही घेतात आणि रुग्णाशी बोलून, त्याला बघूनही. बेरीज १० च्या वर गेली तर मोठ्या नैराश्याची दाट शक्यता धरतात. ती प्रशिक्षित माणसानेच घ्यावी.

जोडीदाराकडून घेतलेली माहिती दोन्ही बाजूंनी चुकू शकते. रोज बरोबर राहणाऱ्याला संथ बदल दिसत नाही, किंवा दिसला तरी तो झाकून घेतो. आणि जोडीदार स्वतः उदास, थकलेला असेल तर समोरच्याची प्रत्येक चूक त्याला मोठी दिसते. म्हणून एडी-८ (माणसाच्या स्मृतीत, वागण्यात बदल झालाय का, हे जवळच्यांना विचारणारे आठ प्रश्न, दोन किंवा जास्त "हो, बदल झालाय" आले तर तपासणी) जोडीदाराबरोबर आणखी एका माणसाकडून भरून घ्या. मुलगी, भाऊ, शेजारी, कोणीही. फक्त वर्षभरात चार-पाच वेळा तरी निवांत भेटलेला हवा. दोन कागदांत मोठी तफावत आली की आधी तो कागद भरणाऱ्या जोडीदाराची मनःस्थिती तपासा.

आता दुसरा प्रश्न. नैराश्यात सुरुवात बरीचशी सांगता येते, "गेल्या पावसाळ्यापासून" वगैरे. डिमेन्शियात घरच्यांना नेमकी वेळ सांगता येत नाही. उदास माणूस स्वतःच तक्रार करतो, प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, प्रयत्नच करत नाही. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणूस प्रयत्न करतो, जवळपासचं चुकीचं उत्तर देतो आणि "या वयात एवढं चालायचंच" म्हणून झाकतो. नैराश्यात थोडा धागा दिला ("फळाचं नाव होतं") की शब्द आठवतो. अल्झायमरमध्ये धागा देऊनही बऱ्याचदा आठवत नाही. तिसरी गोष्ट औदासीन्य: माणूस काही करत नाही, पण दुःखी नाही, अपराधी वाटत नाही, रडत नाही. ते डिमेन्शियाचं लक्षण असू शकतं, आणि घरचे त्याला आळस म्हणतात.

मात्र उतारवयात पहिल्यांदाच नैराश्य आलं आणि त्यात स्मृती ढासळली, तर औषधाने सुधारणा झाली तरी नाव यादीतून काढू नका. अशांपैकी बऱ्याच जणांना पुढे डिमेन्शिया होतो. दर ६ महिन्यांनी स्मृतीची चाचणी घेत राहा.

डॉक्टरकडे पाठवताना या तपासण्यांची आठवण करा: हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच, बी-१२, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृत. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ कमी सापडण्याची शक्यता वाढते. आणि औषधांची यादी दोघांची एकत्र करा. जोडप्यांमध्ये झोपेची गोळी सर्रास वाटून घेतली जाते. एकाला लिहून दिलेली अल्प्राझोलाम दुसरा घेतो आणि दुसऱ्याच्या कागदावर ती कुठेच नसते. क्लोरफेनिरामिनसारख्या सर्दीच्या, अमिट्रिप्टिलिन (नैराश्याची जुनी गोळी) किंवा ऑक्सिब्युटिनिन (वारंवार लघवीवरची) अशा गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाची स्मृती गढूळ होते.

---

परिचारिका_गृहसेवा

वरचं सगळं बरोबर. चाचणीच्या कागदात न मावणारं थोडं लिहिते, कारण जोडपं एकमेकांची कमतरता इतकी बेमालूम भरून काढतं की गुण चांगले येतात आणि घर मात्र चाललेलं नसतं.

आठवड्याची गोळ्यांची डबी उघडून बघा, तीही दोघांची. आज गुरुवार असेल तर बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे हवेत. सोमवार भरलेला, मंगळवार रिकामा, बुधवारच्या कप्प्यात अर्धी गोळी, असं दिसलं तर विसर पडतोय. सगळे कप्पे भरलेले आणि डबीवर धूळ असेल तर विसरण्यापेक्षा औषध घ्यायची इच्छाच गेली आहे का ते विचारा. आणि डबी भरतं कोण? तो माणूस आजारी पडला तर कोण भरेल?

टिपणात ठळक लिहावं असं एक म्हणजे आधार देणारा जोडीदार दवाखान्यात दाखल झाला की दुसऱ्याची खरी अवस्था उघडी पडते. गॅस लावता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत, रात्री उठून बायकोला शोधत फिरतात. घरचे म्हणतात, "धक्क्याने अचानक झालं." बहुतेकदा ते आधीपासूनच असतं, झाकलेलं असतं. पण खरोखर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला, कधी गुंगी तर कधी बरळणं असं चढउतार होत असेल, तर तो डिलिरियम असू शकतो. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, नवं औषध, अशी कारणं निघतात. त्याच दिवशी डॉक्टर, पंधरवड्याच्या भेटीची वाट नाही. डोक्यावर पडल्यानंतर काही आठवड्यांनी आलेल्या गोंधळालाही हेच लागू, कारण मेंदूभोवती हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं.

म्हणून धडधाकट असतानाच दोघांचीही एकेक यादी करून ठेवा: हे काम पूर्वी कोण करायचं, आता कोण करतं, कधी बदललं. बिलं, औषधं, बँक, स्वयंपाक, फोन लावणं, दार लावणं. गेल्या दोन वर्षांत तीन-चार कामं एकाच दिशेने सरकलेली दिसली तर ज्याच्याकडून सरकली त्याची स्मृती बघा, आणि ज्याच्याकडे गेली त्याची झोप, वजन आणि पाठ. सांभाळणाऱ्याचा भार मोजायला झारिट मुलाखत आहे, २२ प्रश्न, ० ते ८८ गुण. एवढा वेळ नसेल तर तीनच विचारा: रात्री सलग किती तास झोपता, गेल्या महिन्यात घराबाहेर स्वतःसाठी कधी गेलात, स्वतःच्या तपासणीची तारीख चुकवलीत का.

यातला तिसरा प्रश्न बहुतेक कार्यकर्ते गाळतात. तो गाळू नका. नवऱ्याच्या प्रत्येक तारखेला हजर राहणारी बाई स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून महिना झाला तरी कोणाला सांगत नाही.

---

संख्याशास्त्र_वृद्धत्व

फोनच्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेतल्या ५० वर्षांपुढच्या ११,०६५ लोकांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं, नातेवाईक, मित्र यांची प्रत्यक्ष भेट किती वेळा होते, फोन किती, पत्रं-ईमेल किती, हे आधी विचारलं आणि दोन वर्षांनी नैराश्याची लक्षणं पाहिली. प्रत्यक्ष भेट काही महिन्यांतून एकदा किंवा त्याहून कमी असणाऱ्यांत लक्षणांची शक्यता ११.५ टक्के, महिन्यातून एक-दोनदा भेटणाऱ्यांत ८.१, आठवड्यातून एक-दोनदा भेटणाऱ्यांत ७.३. फोन आणि पत्रांच्या संख्येने असा फरक दिसला नाही.

या आकड्यांत मोठी उडी "काही महिन्यांतून" आणि "महिन्यातून" यांच्यामध्ये आहे. महिन्यातून एक भेट जमवणं हे आठवड्याच्या भेटीइतकंच मोलाचं ठरू शकतं, आणि लांबच्या मुलांना झेपणारंही. भावंडांनी एकाच सुट्टीत सगळ्यांनी मिळून जाण्यापेक्षा पाळीपाळीने जावं.

दोन सावधगिऱ्या. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे. आधीचं नैराश्य हिशेबात धरलेलं असलं तरी उदास माणसाकडे लोक कमी जातात, हाही प्रवाह असतोच. आणि त्याच अभ्यासात नात्यातल्या तणावाने भेटींचा परिणाम बदलताना दिसला. येऊन भांडून जाणाऱ्या मुलाची भेट फक्त संख्येत मोजू नका.

फोन निरुपयोगी, असा अर्थ मात्र काढू नका. आय-कनेक्ट नावाच्या अमेरिकी चाचणीत ७५ वर्षांपुढच्या, एकट्या पडलेल्या लोकांशी प्रशिक्षित माणसं व्हिडिओवर बोलत होती: दर वेळी ३० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा महिने, पुढचे सहा महिने आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या गटाला फक्त आठवड्याला दहा मिनिटांचा फोन. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे आकलनाच्या चाचणीतले गुण थोडे वर होते. तिथे बोलणं कसं होतं ते बघा: चित्र दाखवून त्यावर गप्पा, म्हातारा माणूस बोलतोय आणि समोरचा विचारतोय. "जेवलात का, औषध घेतलं का, ठेवू का" या तीन वाक्यांच्या फोनची त्याच्याशी बरोबरी नाही.

जोडप्याबद्दल म्हणाल तर युटा राज्यातल्या कॅश काउंटीतल्या १,२२१ जोडप्यांच्या अभ्यासात (२०१०) ज्यांच्या जोडीदाराला डिमेन्शिया झाला, त्यांना स्वतःला तो होण्याचा धोका सुमारे सहापट आढळला. ताण, एकसारखी राहणी, कारण काहीही असो, आणि हा आकडा दुसरीकडे तसाच येईल असंही नाही. तुमच्या टिपणासाठी अर्थ एवढाच, की एकाचं निदान झालं त्या दिवसापासून दुसऱ्याचीही वर्षाला एक स्मृतिचाचणी नोंदवून ठेवा.

एकटेपणा मोजायला लुबेन श्रेणीची सहा प्रश्नांची आवृत्ती वापरा. तीन प्रश्न नातेवाइकांचे, तीन मित्रांचे, एकूण ३० गुण, १२ च्या खाली धोका. दोघांची वेगवेगळी भरा. "आमचं येणं-जाणं भरपूर आहे" म्हणणाऱ्या घरात ते सगळं येणं-जाणं एकाच्याच ओळखीचं निघतं.

---

गृहभेट_समन्वय

फार उपयोगी. एक शंका राहिली. मुलांना "वेगवेगळा फोन करा" म्हटलं की ती म्हणतात, आई फोन बाबांना देते आणि बाबा "बरंय सगळं" म्हणून परत आईला देतात. आणि व्हिडिओवर सगळी भावंडं जमली की बाबा दोन मिनिटांत उठून जातात. यावर नेमकं काय सांगावं?

---

वाचा_श्रवण

बाबा उठून जातात यात नवल नाही. पाच चौकटी, आवाज एकमेकांवर, कोण बोलतंय ते ओठांवरून कळत नाही. ज्याला उच्च पट्टीतले ध्वनी कमी ऐकू येतात त्याला "स", "फ", "ट" गळालेली वाक्यं पोचतात. ज्याचं आकलन मंदावलंय तो पहिलं वाक्य जुळवतो तोवर तिसरं आलेलं असतं. म्हणून एका वेळी एकच माणूस, मागे टीव्ही बंद, उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर. आणि आधी कान तपासा. कानातला मळ हे साधं कारण कितीदा तरी निघतं. ऐकू कमी येणं, नैराश्य आणि एकटेपणा हे तिन्ही, डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ घटकांत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये धरले आहेत.

वेळ: ज्याला विसर पडतोय त्याला सकाळी फोन करा, न्याहारीनंतर. संध्याकाळी गोंधळ वाढतो. दहा ते पंधरा मिनिटं बास, पण ठरलेले वार ठरलेल्या वेळी. मधल्या दिवशी नाही जमला तरी चालेल, ठरलेला वार चुकवू नका.

फोन परत आईकडे जातो, कारण बाबांना विचारलेला प्रश्न आठवणीची परीक्षा असतो. "काल काय केलंत?" "कोण आलं होतं?" "मी कोण, ओळखलंत का?" उत्तर येत नाही, लाज वाटते, फोन सुटतो. त्याऐवजी समोर असलेल्या गोष्टीवर बोला. छापलेला फोटो आधी पाठवून ठेवा आणि म्हणा, "बाबा, मी सुनीता बोलतेय. हातात फोटो घ्या. विहिरीजवळ उभे आहात, तो काठ तुम्ही बांधलेला ना? दगड कुठून आणायचे?" स्वतःचं नाव आपणच आधी सांगायचं, आणि प्रश्न असा की चूक-बरोबर काही नसेल. उत्तराला दहा सेकंद थांबायचं. फोनवर दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी थांबायचं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर "हे सांगितलंत" म्हणायचं नाही, तिच्यातच पुढचा प्रश्न विचारायचा. मागून आई उत्तरं पुरवत असेल तर तिला आधीच सांगा: "पहिली दहा मिनिटं बाबांची, तू तुझा चहा पी."

आईचा फोन वेगळ्या दिवशी, आणि त्यात बाबांची चौकशी शेवटी. पहिला प्रश्न "बाबा कसे आहेत?" आला की आईचा फोन म्हणजे अहवाल होतो, आणि ती स्वतःबद्दल बोलणं सोडून देते. बाबांसमोर तिला बोलता येत नाही, तेव्हा बाबांच्या आंघोळीची किंवा दुपारच्या झोपेची वेळ धरा.

एक भावंड समन्वय करणारं असावं. चौघांनी चार वेगळे सल्ले दिले की सगळ्यांचं ऐकून घेण्याचं काम पुन्हा आईवरच पडतं.

---

मनोविकार_वार्धक्य

औषधांबद्दल थोडं, कारण मुलं फोनवरून "डॉक्टरांना डिप्रेशनची गोळी द्यायला सांगा" म्हणतात. डिमेन्शियासोबतच्या नैराश्यात या गोळ्यांचा फायदा भरवशाचा नाही. २०११ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन दोन्ही, औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तिथे आधी दिनक्रम, हालचाल, वेदनेवर उपचार आणि माणसांचा सहवास. लक्षणं तीव्र असतील तर औषध. सांभाळणाऱ्या, स्मृती शाबूत असलेल्या जोडीदाराच्या नैराश्यात मात्र गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही उपयोगी पडतात, आणि उपचाराविना राहतो तो नेमका हाच माणूस.

गोळी सुरू झाल्यावर कार्यकर्त्याने बघायचं: गुण यायला चार ते सहा आठवडे, उतारवयात कधी त्याहून जास्त. दुसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद होते, तिथे धीर द्या. पहिल्या महिन्यात सोडियम उतरू शकतं, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. नवी सुस्ती, मळमळ, तोल जाणं, गोंधळ दिसला तर "डिमेन्शिया वाढला" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सोडियम तपासायला सांगा.

आणि जीडीएसच्या कागदात आत्महत्येचा थेट प्रश्न नाही, तो तुम्ही विचारा, दोघांनाही, वेगवेगळं: "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. सांभाळणाऱ्याला आणखी एक: "दोघंही एकदम गेलो तर बरं, असं वाटतं का?" हे वाक्य वयस्कर जोडप्यांत सहज बोललं जातं आणि ऐकणारे मान डोलावून पुढे जातात. तिथे थांबा. केव्हापासून वाटतंय, काही ठरवलं आहे का, ते विचारा. ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. साठवलेल्या गोळ्या आणि घरातली विषारी औषधं तिथून हलवा, समन्वयकाला आणि घरच्या एका माणसाला तिथूनच फोन लावा, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. त्या दिवशी जोडीदाराजवळ कोण बसणार याचीही सोय तेव्हाच करा, नाहीतर "यांना टाकून मी कशी येऊ" म्हणून ती जाणारच नाही.